लवंगेची परीक्षा

दाढ ठणकू लागली की माणूस कासावीस होतो. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "लवंगेच्या तेलाचा बोळा धर." आपण बोळा धरतो. ठणका कमी होतो. पण हा गुण लवंगेचा, की आपल्या समजुतीचा?

लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य फार असते. त्याने दुखरी जागा बधिर होते. दातांचे डॉक्टरही ते वापरतात.

कुवेत देशातल्या दंतवैद्यांनी लवंगेची परीक्षा केली. ती २००६ साली छापून आली. त्यांनी ७३ माणसे घेतली. त्यांचे चार गट केले. एका गटाला तोंडात आतून लवंगेची पूड व ग्लिसरिन यांचा लेप लावला. दुसऱ्याला दवाखान्यातले बधिर करणारे औषध लावले. उरलेल्या दोन गटांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले लेप लावले. मग सुई टोचली. किती दुखले ते विचारले. लवंगवाल्यांना आणि औषधवाल्यांना कमी दुखले. दोघांत फारसा फरक नव्हता. बाकीच्यांना जास्त दुखले.

कोणी म्हणेल, खोटा लेप कशाला? औषध लावले एवढ्यानेच माणसाला थोडे बरे वाटते. ते वजा केल्यावर उरतो तो खरा गुण. नव्या बियाण्याशेजारी आपण जुन्याचा एक वाफा ठेवतो ना? तसेच हे.

पण गुण आहे म्हणून धोका नाही, असे समजू नका. नुसते तेल जास्त लागले तर हिरडी भाजते. लहान मुलाने एकदोन चमचे तेल प्याले तर ते बेशुद्ध पडते, झटके येतात, यकृत बिघडते. सांध्यांना चोळायचे गंधपुऱ्याचे तेल तर याहून वाईट. त्याचा एक लहान चमचा म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या! मुलाचा जीव जाऊ शकतो.

म्हणून आपण इतके करू :

१. तेलाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंच, बंद ठेवू.

२. तेल फक्त वरून लावू. पोटात घेणार नाही.

३. मुलाने तेल प्याले तर ओकारी काढणार नाही. बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठू.

४. ठणका थांबला तरी कीड थांबत नाही. म्हणून दाढ डॉक्टरांना दाखवू.

प्रश्न : दोन गटांना खोटा लेप का लावला? तुमच्या घरी तेलाची बाटली कोठे असते?