डोंगरगाडीचा प्रवास : नियोजनाचा एक वस्तुपाठ

प्रवासाची आवड नसलेला मनुष्य विरळाच. मात्र प्रवासाचे नियोजन आवडीने करणारी माणसे त्याहूनही विरळ असतात. जवळच्या गावी जायचे असेल तर ऐनवेळी पिशवी उचलून निघता येते. डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीच्या बाबतीत मात्र तहान लागल्यावर विहीर खणण्याची वृत्ती हमखास निराशा पदरी टाकते. अशा मार्गांवर गाड्या मोजक्या, आसने त्याहून मोजकी आणि निसर्गाची मर्जी सांभाळणे तर अपरिहार्यच. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतीय रेल्वेचे उदाहरण घेऊन अशा प्रवासाची आखणी कशी करावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

दातेरी रुळांची किमया

कोइमतूरपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, पर्वताच्या पायथ्याशी मेट्टुपालयम हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३२६ मीटर. येथून निघणारी मीटर गेज गाडी सुमारे ४६ किलोमीटरचे अंतर कापून २२०३ मीटर उंचीवरील उदगमंडलम, म्हणजेच आपल्या परिचयाच्या उटीला पोहोचते. वाटेत १६ बोगदे, २५० पूल आणि दोनशेहून अधिक वळणे लागतात. वर जाण्यास सुमारे पाच तास, तर खाली येण्यास साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो.

या रेल्वेची कल्पना १८५४ मध्ये पुढे आली. परंतु पर्वताच्या दुर्गमतेमुळे काम सुरू होण्यास १८९१ हे वर्ष उजाडले. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत पोहोचली आणि १९०८ मध्ये मार्ग उटीपर्यंत पूर्ण झाला. जुलै २००५ मध्ये युनेस्कोने या रेल्वेचा जागतिक वारशात समावेश केला. दार्जिलिंगच्या हिमालयीन रेल्वेला तो मान १९९९ मध्ये मिळाला होता. कालका-शिमला मार्गाला तो २००८ मध्ये लाभला.

मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे आणि तोही चढताना गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने लावावी लागतात. (रेल्वेच्या परिभाषेत अशा इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात, हे बँकेच्या वाचकांना ऐकून गंमत वाटेल.) निलगिरीचा चढ तर १२ मीटरला जवळजवळ १ मीटर इतका तीव्र आहे. एवढ्या चढावर गुळगुळीत रुळांवरून गुळगुळीत चाके घसरणारच. म्हणून कल्लार ते कुन्नूर या सुमारे २० किलोमीटरच्या टप्प्यात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी बसविलेली आहे. इंजिनाच्या पोटातील दातेरी चाके या पट्ट्यांच्या दातांत अडकत, एकेक दात पुढे सरकत गाडीला वर नेतात. दोन पट्ट्यांचे दात एकासमोर एक न ठेवता मागेपुढे ठेवलेले असतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी किमान एका दाताची पकड घट्ट राहते. स्वित्झर्लंडचे अभियंते रोमन आप्ट यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

या टप्प्यात इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असते. चढताना ते गाडीला मागून ढकलते आणि उतरताना पुढे राहून तिला थोपवून धरते. शिवाय डब्याडब्यावर ब्रेक सांभाळणारे कर्मचारी उभे असतात. दातेरी टप्प्यातील कमाल वेग ताशी १३ किलोमीटर. कल्लार, हिलग्रोव्ह, रनीमीड अशा थांब्यांवर वाफेचे इंजिन पाणी पिते. कुन्नूरला दातेरी पट्टी संपते आणि पुढील सुमारे १८ किलोमीटरसाठी डिझेल इंजिन जोडले जाते. वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टी, लव्हडेल ही स्थानके मागे टाकीत, चहाच्या मळ्यांच्या कडेने गाडी उटीला येते.

हा तांत्रिक तपशील नियोजनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. उटी आणि कुन्नूर यांच्या दरम्यान दिवसातून अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे त्यांची तिकिटे तुलनेने सहज मिळतात. पुष्कळ पर्यटक तेवढाच प्रवास करतात आणि आपण ‘ती’ गाडी पाहिली असे समजतात. वास्तविक दातेरी रूळ, वाफेचे इंजिन, खोल दऱ्या आणि घनदाट अरण्य हे सारे कुन्नूरच्या खालच्या टप्प्यात आहे. तेथून नियमित वेळापत्रकानुसार रोज एकच गाडी सकाळी वर जाते आणि दुपारी उटीहून निघून सायंकाळपर्यंत खाली येते. आपल्याला नेमके काय पाहायचे आहे, हे आधी ठरवावे. तिकीट त्यानंतर काढावे.

ऋतूची निवड

महाराष्ट्रातील माणसाच्या मनात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर हे समीकरण पक्के असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेकडील डोंगर निर्धास्तपणे पाहता येतील, असा त्याचा समज होतो. निलगिरीच्या पूर्व उतारावर मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा प्रभाव असतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे जोराचा पाऊस पडतो. रेल्वेमार्ग नेमका याच उतारावर आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये अतिवृष्टी आणि दरडींनी या जिल्ह्यात मोठी जीवितहानी केली होती. नोव्हेंबर २०२३ मध्येही रुळांवर दरडी कोसळल्याने गाडी अनेक दिवस बंद ठेवावी लागली. म्हणजे दिवाळीची सुट्टी सोयीची असली तरी या मार्गासाठी तो जोखमीचा काळ होय.

एप्रिल-मे महिन्यांत हवा सुखद असते आणि मे महिन्यात उटीचे पुष्पप्रदर्शनही भरते; पण गर्दी आणि दर दोन्ही शिगेला पोहोचतात. मे २०२४ पासून उन्हाळी गर्दीला आवर घालण्यासाठी, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये, खासगी वाहनांना ई-पासचे बंधनही आले. या सर्वांचा विचार करता जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल ठरतो. पहाटे कडाक्याची थंडी असते, परंतु आकाश स्वच्छ असते आणि दरडींची भीती कमी असते.

शेवटाकडून आरंभाकडे

नियोजनाचे एक साधे सूत्र आहे. जी गोष्ट सर्वांत दुर्मीळ, ती आधी निश्चित करावी आणि बाकीच्या गोष्टी तिच्याभोवती बसवाव्यात. बहुतेक मंडळी नेमके उलट करतात. ती प्रथम निवासस्थान ठरवतात, मग जाण्या-येण्याची तिकिटे काढतात आणि अखेरीस डोंगरगाडीचे आरक्षण पाहतात. तेव्हा प्रतीक्षा यादीचा लांबलचक आकडा समोर येतो.

एक उदाहरण घेऊ. मुंबईतील एक कुटुंब आहे : पती, पत्नी, शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. आजींचे गुडघे दरवर्षी अधिक कुरकुरतात. त्यामुळे हा प्रवास पुढच्या वर्षावर ढकलणे म्हणजे कदाचित कायमचाच रहित करणे होय. डोंगरगाडीसाठी त्यांनी १५ फेब्रुवारी ही तारीख धरली. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. त्या हिशोबाने या गाडीचे आरक्षण १७ डिसेंबरला सकाळी आठ वाजता सुरू होईल. तिकीट शोधताना ‘उटी’ऐवजी ‘उदगमंडलम’ हे अधिकृत नाव ध्यानात ठेवावे.

येथे एक पेच उद्भवतो. कोइमतूरला १४ तारखेस पोहोचण्यासाठी या कुटुंबाला १२ फेब्रुवारीच्या रात्री लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघावे लागेल. ६० दिवसांची गणना गाडी मूळ स्थानकातून सुटण्याच्या तारखेपासून होत असल्याने त्या गाडीचे आरक्षण १४ डिसेंबरलाच खुले होते. अर्थात मुख्य तिकीट हाती येण्यापूर्वी तीन दिवस दुय्यम तिकीट घ्यावे लागते. घाबरण्याचे कारण नाही. निश्चित झालेले तिकीट प्रवासाच्या बऱ्याच आधी रद्द केल्यास कपात अल्प असते. उलट थांबल्यास लांबचे आरक्षणच हातचे जाण्याचा धोका असतो. छोटा, मोजता येणारा तोटा पत्करून मोठा, न मोजता येणारा तोटा टाळणे, हे तत्त्व कर्ज देताना जितके उपयोगी तितकेच येथेही.

तिसरी दक्षता जोडगाडीची. चेन्नईहून येणारी निलगिरी एक्सप्रेस पहाटे मेट्टुपालयमला पोहोचते आणि तिच्या प्रवाशांना डोंगरगाडी मिळावी अशीच वेळापत्रकाची रचना आहे. इतर कोणत्याही लांबच्या गाडीवर असा भरवसा ठेवू नये. दोन रात्रींच्या प्रवासात काही तासांचा विलंब अशक्य नाही आणि डोंगरगाडी कोणासाठी थांबत नाही. म्हणून आदली रात्र मेट्टुपालयमला किंवा कोइमतूरला मुक्कामात घालवावी. बंगळूर, हैदराबाद किंवा नागपूरहून निघणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो.

खर्चाचे अंदाजपत्रक

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे ते बदलावेत. समजा, या चौघांचा लांबचा प्रवास १४,००० रुपये, डोंगरगाडी आणि स्थानिक वाहने ६,००० रुपये, निवास १४,००० रुपये आणि भोजन ६,००० रुपये असा खर्च आहे. एकूण रक्कम ४०,००० रुपये झाली. त्यावर २० टक्के, म्हणजे ८,००० रुपये, अकल्पित खर्चासाठी राखून ठेवावेत. डोंगराळ भागात ही राखीव रक्कम चैन नसून गरज असते. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली आहे, म्हणून आजींचेही भाडे पूर्ण धरावे.

अशा रीतीने ४८,००० रुपये हवेत. दरमहा ४,००० रुपयांची आवर्ती ठेव ठेवल्यास बारा महिन्यांत ही रक्कम साठते आणि वर व्याज मिळते. मात्र येथे एक चूक वारंवार घडते. प्रवास फेब्रुवारीत म्हणून ठेवीची मुदतही फेब्रुवारीत संपेल अशी योजना केली जाते. पैशांची पहिली गरज तर १४ डिसेंबरला, म्हणजे आरक्षणाच्या दिवशी, पडणार असते. तेव्हा ठेव मोडावी लागते आणि व्याजावर पाणी सोडावे लागते. म्हणून ठेवीचा आरंभ आदल्या वर्षाच्या डिसेंबरच्या प्रारंभी करावा, म्हणजे आरक्षणापूर्वीच रक्कम खात्यात जमा होईल. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण पाणी कधी लागणार, हेही तळे खोदतानाच पाहिले पाहिजे.

रजा प्रवास सवलत घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी पूर्वपरवानगी आरक्षणाच्या तारखेआधीच मिळवावी आणि प्रत्येक तिकीट जपून ठेवावे.

पर्यायी बेत

उत्तम नियोजनात दुसरा मार्ग नेहमी तयार असतो. वर जाणाऱ्या गाडीचे तिकीट न मिळाल्यास मेट्टुपालयमहून बसने वर जावे आणि परतीचा प्रवास गाडीने करावा. दातेरी टप्पा उतरतानाही पाहता येतो. दोन्ही न मिळाल्यास कुन्नूर-उटी टप्प्यावर समाधान मानावे. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार झाल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीत राहिले तर ते आपोआप रद्द होते, ही गोष्ट विसरू नये. दरड कोसळून रेल्वेनेच गाडी रद्द केली तर भाडे परत मिळते. परंतु निवासाचे पैसे मिळतीलच असे नाही. म्हणून निवास निवडताना तो रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात. निघण्यापूर्वी दोन दिवस हवामानाचा अंदाज आणि गाडीची स्थिती पाहावी.

प्रत्यक्ष प्रवासात

डबे लहान असल्याने सामान मोजके असावे. गाडीत स्वच्छतागृह नसते. म्हणून वृद्धांना आणि मुलांना निघण्यापूर्वी व मधल्या थांब्यांवर स्थानकातील सोयीचा उपयोग करू द्यावा. पायथ्याशी उकाडा आणि माथ्यावर गारवा असतो, तेव्हा उबदार कपडे हाताशी असावेत. नेहमीची औषधे मोठ्या पेटीत न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवावीत. निलगिरी जिल्ह्यात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी असल्यामुळे पाण्यासाठी घरची धातूची बाटली न्यावी. खिडकीच्या आसनावरून वाद घालू नयेत. दरी कधी एका बाजूस असते तर कधी दुसऱ्या. बोगद्यात शिरताना हात बाहेर काढू नये. उटीला पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि परतीच्या वाटेवर कुन्नूरच्या सिम्स पार्कसाठी एखादा दिवस राखून ठेवावा.

डोंगर चढणारी ही गाडी एकेक दात पकडीत वर जाते. तिला घाई नसते, पण पकड सुटूही दिली जात नाही. उदाहरणातील कुटुंबानेही दरमहा एक हप्ता, ठरलेल्या दिवशी आरक्षण आणि एक मुक्काम आधी पोहोचण्याची दक्षता, अशा एकेका पायरीने आपला बेत वर न्यायचा आहे. असे केल्यास पंधरा फेब्रुवारीच्या सकाळी आजी खिडकीजवळ बसलेल्या असतील, मागून इंजिनाची शिटी ऐकू येईल आणि वर्षभराच्या काटकसरीचे सार्थक झाल्यासारखे घरातील प्रत्येकाला वाटेल.