“तुला काय कळतं त्यातलं?” – तज्ज्ञ नसलेल्याने बोलावं का?



आज माझीच एक चूक सांगते. न्हावा शेवा परिसरातल्या शाळेत चौथीला ‘भरती-ओहोटी’ शिकवत होते. कोळीवाड्यातला एक मुलगा उठला. म्हणाला, “बाई, आज अष्टमी. भरती सहाला येणार. आजोबा तिथीची पाऊणपट करतात.” मी म्हटलं, “पंचांग राहू दे, आधी पुस्तक बघ.” मुलं हसली. तो खाली बसला आणि पुढचे कितीतरी दिवस त्याने हात वर केला नाही.

घरी आल्यावर मुंबई बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहिलं. भरती सहाच्या आसपासच होती!

हा हिशोब तुम्हीही करून बघा. आपल्या भागात अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराला येते. पुढे तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी : 4 × पाऊण = 3 वाजता. अष्टमी : 8 × पाऊण = 6 वाजता. असं का होतं? चंद्र पृथ्वीभोवती फिरत पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. आजोबांची पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. फरक किती थोडा!

पण इथेच थांबू नका. आजोबांचा हिशोब वेळ सांगतो. पाणी नेमकं किती मीटर चढेल, हे त्यातून कळत नाही. बंदरात मोठं कंटेनर जहाज आणताना खोलीचं मोजमाप आणि अचूक वेळापत्रकच लागतं. तिथे अंदाज चालत नाही. म्हणजे दोघांचंही ज्ञान खरं, पण प्रत्येकाची मर्यादा वेगळी.

आता जरा मोठं उदाहरण घेऊ. आपलं जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झालं. पुढे भराव पडले, बंदर वाढत गेलं. कोळी बांधव सांगत होते, “खाडीची वाट अरुंद झाली, मासळी कमी झाली.” त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, रोजचं जाळं होतं. त्यांचं म्हणणं राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे गेलं. 27 फेब्रुवारी 2015 रोजी लवादाने 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. “हे तज्ज्ञांचं काम, तुम्ही बोलू नका” असं मानून ते गप्प बसले असते, तर हा प्रश्न तिथवर पोचलाच नसता.

मग काय, कुणीही काहीही बोलावं? नाही हं! पावसाळ्यात शेतात साप चावला की आजही कुणीतरी ठामपणे सांगतं, “वर दोरी करकचून बांधा, चिरा मारा.” हा सल्ला घातक आहे. हात-पाय हलू न देता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यायला हवं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकीव गोष्ट तो खात्रीची म्हणून सांगतो.

माझ्या मते उत्तर असं : प्रश्न विचारायला आणि स्वतः पाहिलेलं सांगायला सगळ्यांना मोकळीक हवी. सल्ला आणि निष्कर्ष मात्र तपासल्याशिवाय देऊ नये.

यासाठी वर्गात आम्ही बोलताना तीन सुरुवाती ठरवल्या आहेत :

1. “मी पाहिलं...”
2. “मी ऐकलं...”
3. “मला वाटतं...”

मूल बोललं की बाकीची मुलं विचारतात, “यातलं कोणतं?” दुसरं किंवा तिसरं असेल, तर “कसं तपासायचं?” हा पुढचा प्रश्न. पालकांनो, घरी जेवताना हा खेळ जरूर खेळा. आपण मोठी माणसं किती वेळा ‘ऐकलं’ला ‘पाहिलं’ म्हणतो, ते लक्षात येईल!

आणि आपण शिक्षकांनी? “तुला काय कळतं?” ऐवजी “तुला कसं कळलं?” असं विचारू या. दोन शब्दांचा फरक, पण मूल बोलतं होतं.

त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. फळ्यावर पाऊणकी त्यानेच शिकवली. शेवटी म्हणाला, “बाई, पण आजोबा म्हणतात, वारा असला की चुकतं.”

आपल्या हिशोबाची मर्यादा आजोबांना माहीत होती. माझ्या पुस्तकाची मर्यादा मला कुठे माहीत होती?