धुक्यात बंद पडणारी बीटल

चि. निखिलास,


तुझ्या आईचा फोन आल्यापासून मामाचं कशात लक्ष नाही. भर धुक्यात, एम-सिक्स मोटरवेवर, मागे ट्रक असताना बीटल बंद पडली. थोड्या वेळाने आपणहून सुरू झाली आणि मेकॅनिकला दोष सापडला नाही. सापडणार कसा? तो वितळून गेला होता.

कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा धावते तेव्हा तिचा दाब उतरतो आणि पेट्रोलची वाफ होते. त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच ओढली जाते. तापमान 20 अंशांनीसुद्धा खाली येऊ शकतं. बाहेर 5 ते 10 अंश आणि हवेत ओल भरपूर असली, की थ्रॉटलच्या पात्याभोवती बर्फ धरतो. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हे कमी होतं, कारण तिथे गोठायला पाणीच नसतं. इंजिन थांबलं की त्याची धग वर चढते आणि बर्फ जातो. सेसना 150 विमानात याचसाठी कार्बुरेटरला गरम हवा द्यायची वेगळी मूठ असते.

बीटलचा कार्बुरेटर मधोमध, सिलिंडर दोन्ही बाजूंना दूर. म्हणून इनटेक मॅनिफोल्डला चिकटून एक बारीक नळी नेलेली आहे. तिच्यातून एक्झॉस्टचा गरम वायू फिरतो. शिवाय एअर फिल्टरला गरम हवा आणणारा होज. तोच काढून तू क्रोमचा चकचकीत फिल्टर बसवलास म्हणे! कशासाठी रे? मागे ट्रक होता!

तुझे आजोबा, तात्या, असते तर त्यांनी आधी मॅनिफोल्डला हात लावला असता. नळी काजळीने बुजली की इंजिन तापूनही तो गारच राहतो. तात्या गॅरेजातून हाका मारायचे, तेव्हा मामा माडीवर परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायचा. बँकेत नोकरी लागली. तात्यांच्या हातातलं त्यांच्याबरोबर गेलं. आता मामा ते पुस्तकांतून वाचतो.

रागावणं मनावर घेऊ नकोस. गाडी विकूही नकोस. स्वतःच्या पगारातून घेतलीस, हे सांगताना तुझ्या आईचा आवाज किती फुलला होता! जुना फिल्टर, होज परत लाव, नळी तारेने साफ करून घे. पैसे मामा पाठवील, आईला कळणार नाही.

तरीही धुक्यात बंद पडलीच, तर डाव्या कडेला घे, डाव्या दाराने उतर आणि कठड्यापलीकडे जाऊन उभा राहा. गाडीचं काय व्हायचं ते होवो. मदत बोलावलीस की इथे फोन लाव. मध्यरात्र असली तरी मामा उचलेल.

तुझा,
सुधामामा