वृद्धांची घरातील शुश्रूषा : कोणती व कोणाकडून?

वार्धक्यात माणसाला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. तो हात कोणाचा असावा, हा प्रश्न आपल्या इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांतून आज वरचेवर उभा राहतो. मुले पुण्यास वा परदेशी, घरी दोघे वयस्क. अशा वेळी घाईने "कोणी तरी बाई ठेवा" असे ठरते. वास्तविक माणूस शोधण्यापूर्वी गरज ओळखली पाहिजे.

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली यासाठी सहा कसोट्या प्रसिद्ध केल्या : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वहस्ते जेवणे. यांपैकी काय आपले आपण जमते, कशास आधार लागतो व काय मुळीच होत नाही, हे आठवडाभर टिपून ठेवावे. त्यावरून शुश्रूषेचा प्रकार ठरतो.

१. सोबत. सहाही कामे जमतात. परंतु स्वयंपाक, बाजार, बँक, औषधांच्या वेळा यांत गफलत होते. अशांना दिवसातून काही तास येणारा मदतनीस पुरतो. मात्र जमणारी कामे त्यांच्या हातून काढून घेऊ नयेत. मोडलेली सवय उतारवयात पुन्हा जडणे कठीण.

२. अंगसेवा. स्नान, शौच, उठबस यांस आधार लागू लागला की रुग्णसेवेचा सराव असलेली आया अथवा अटेंडंट हवा. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एरवी पाठीस जखमा होतात. एकच माणूस दिवसरात्र जागू शकत नाही, म्हणून रात्रपाळीची सोय आधीच करावी.

३. परिचर्या. नाकातील नळीने अन्न, लघवीची नळी, इंजेक्शने, खोल जखमेची मलमपट्टी ही कामे प्रशिक्षित नर्सचीच. पांढऱ्या पोशाखावर विसंबू नये. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणी पाहावी. पुष्कळदा नर्सची ठरलेल्या वेळची फेरी आणि इतर वेळी अटेंडंट, एवढ्याने भागते व खर्चही आवरतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती भाषा. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी सुटते आणि मातृभाषा उरते. जन्मभर अस्खलित गुजराती वा हिंदी बोललेल्या आजी मग मराठीतच पाणी मागतात. मराठी जाणणारी बाई न मिळाल्यास तिला पाणी, भूक, दुखते, शौचास जायचे, भीती वाटते असे नेहमीचे शब्द तरी शिकवावेत.

निवड करताना त्या वृद्धांनाच प्रथम विचारावे. कोणाच्या हातून स्नान घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार त्यांचाच. सेवा करणाऱ्यासही वेळेवर जेवण, झोप व सुटी मिळाली पाहिजे; मग ती पगारी बाई असो की घरची सून.

आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने अपत्यांवर टाकली आहेच. परंतु पगार पोचता केल्याने ती संपत नाही. माणूस ठेवल्यावरही दर तीन महिन्यांनी त्या सहा कसोट्या पुन्हा लावाव्यात, आणि रोज घटकाभर त्यांच्याजवळ बसावे. परगावी असल्यास निदान फोन करावा.