आमचे नगर : भूमी, इतिहास आणि उदीम

सांगलीच्या गावभागातून सायकलवर विश्रामबागेस येणाऱ्या विद्यार्थ्यास एक अनुभव रोज येत असतो. पण तो त्याच्या लक्षात येतोच असे नाही. येताना पाय किंचित जड होतात, परतताना तीच सायकल अल्प श्रमाने धावते. वाटेत डोंगर नाही की टेकडी नाही. तरी नदीकाठची भूमी हळूहळू उंचावत मिरजेकडे जाते. डोळ्यांस न दिसणाऱ्या या चढणीतच आमच्या नगराचा बहुतेक इतिहास साठविलेला आहे. दूरदेशांच्या राजधान्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पायांखालची भूमीही जाणून घ्यावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

स्थान व जलमान

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते, आणि दक्षिणेकडे वाहत सांगलीस येते. सांगलीलगत हरिपूर येथे पश्चिमेकडून येणारी वारणा तिला मिळते. या संगमावरच संगमेश्वराचे देवालय आहे. येथून पुढे नदी नृसिंहवाडीस पंचगंगेचे पाणी पोटात घेते आणि कर्नाटकात प्रवेश करते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगलीस पडतो तो सुमारे ६०० मिलिमीटर. म्हणजे आमचे नगर कमी पावसाच्या प्रदेशात मोडते. परंतु सह्याद्रीवर कोसळलेले पाणी कोयना, वारणा आणि कृष्णा या तिन्ही वाटांनी आमच्याच दारात येऊन उभे राहते. सांगलीत लख्ख ऊन पडलेले असावे आणि नदी पात्र सोडून रस्त्यावर यावी, असे दृश्य आमच्या वडील माणसांनी अनेकदा पाहिले आहे. उलट थोडे पूर्वेस जावे, तर जत आणि कवठेमहांकाळ हे तालुके पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात. त्यांच्यासाठी म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी उचलून नेले आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा पाण्याने भरलेली आगगाडी मिरजेहूनच निघाली होती. पहिल्या खेपेस १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी गेले. एकाच नदीचे हे दोन स्वभाव विसरून चालणार नाही.

इतिहास

आजच्या नगरात मिरज हे थोरले भावंड होय. तेथील किल्ला छत्रपती शाहूमहाराजांनी १७३९ साली घेतला; पुढे पेशव्यांच्या अमदानीत तो पटवर्धन सरदारांकडे आला. सांगली त्या काळी नदीकाठचे लहानसे खेडे होते. त्यात सहा गल्ल्या होत्या, म्हणून ‘सांगली’ हे नाव पडले, असे लोक सांगतात. १८०१ च्या सुमारास पटवर्धन घराण्यात वाटणी झाली आणि चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरज सोडून सांगलीस आपली राजधानी केली. गणेशदुर्ग आणि कृष्णाकाठचे गणपतीचे मंदिर ही त्यांच्या उभारणीची ठळक चिन्हे. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा पाया घातला. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचेच.

मिरजेस डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि वैद्यकीचे गाव म्हणून मिरजेची कीर्ती दूरवर पसरली. विश्रामबागेस १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय निघाले. १९४७ साली स्थापन झालेले आणि पुढे वालचंद या नावाने प्रसिद्ध झालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही येथलेच. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यास १९६० पासून सांगली हे नाव मिळाले. अखेर १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. अशा रीतीने वाटणीने दुरावलेली दोन भावंडे सुमारे दोनशे वर्षांनी पुन्हा एका घरात आली, आणि विश्रामबाग त्या घराचे माजघर ठरले.

उदीम व कारागिरी

सांगलीच्या पेठेचे वैभव म्हणजे हळद. ती साठविण्याची हरिपूरची रीत शहाण्यांनाही थक्क करणारी होती. तेथील मातीत खोल पेवे खणीत; आतील बाजू शेणामातीने लिंपून पाला व चटया यांचे अस्तर देत; हळद भरून तोंड मातीने बंद करीत. अशी हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिके. पेव उघडल्याबरोबर मात्र कोणी आत उतरत नसे; कारण आत कोंडलेली हवा जीवघेणी असे. २००५ च्या महापुराने या पेवांची मोठी हानी केली आणि व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तासगावकडील द्राक्षांचा बेदाणाही याच बाजारात येतो. उसाच्या पिकास सहकाराची जोड देऊन वसंतदादा पाटील यांनी सांगलीस साखर कारखाना उभारला. कुपवाडास औद्योगिक वसाहत झाली.

मिरजेची कारागिरी निराळी. तेथील शिकलगार घराणी मूळची हत्यारे घडविणारी. लढाया संपल्या, तलवारीस गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा त्यांनी पंढरपूरकडील भोपळे आणून त्यांतून सतार व तंबोरा घडविण्याची विद्या हस्तगत केली. त्या वाद्यांना २०२४ साली मानांकन मिळाले. काळ बदलला म्हणून हात बांधून न बसता, त्याच हातांना नवे काम देणारी ही माणसे आमच्या आदरास पात्र आहेत.

पूर आणि आपण

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलापाशी नदीची उंची मोजतात. ४० फुटांस इशारा, ४५ फुटांस धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. २०२१ च्या जुलैतही ते ५० फुटांपलीकडे पोहोचले. ज्यांची घरे, दुकाने आणि पुस्तके त्या चिखलात गेली, त्यांची मुले आज आपल्याच वर्गात बसतात.

नदीचा यात दोष काय? पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. या रेषांच्या आत पाणी येणे हा त्याचा जुना वहिवाटीचा हक्क होय. आपण तेथे भर टाकतो, ओढे बुजवितो, त्यांवर घरे बांधतो, आणि मग पाण्यास अतिक्रमक ठरवितो.

नगरास जागा बदलावी लागणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. स्वीडन देशाच्या उत्तरेस लुलेओ नावाचे नगर १६२१ साली वसले. तेथे भूमीच हळूहळू वर येत असल्याने बंदर उथळ झाले, आणि १६४९ साली लोकांनी नगर समुद्राकडे नवीन ठिकाणी हलविले. जुन्या जागी देऊळ व त्याभोवतीची लाकडी घरकुले मात्र जतन केली. तेथे पाणी दूर गेले, येथे ते जवळ येते. पण शहाणपण एकच : भूमीचे ऐकावे. आमचे नगरही नकळत तेच करीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आज विश्रामबागेलगतच्या विजयनगरात आहे, आणि नवी वस्ती उंच भागाकडे सरकत आहे. परंतु सर्वांनाच असे हलता येत नाही. आणि उंचावरील ओढे आपण बुजविले, तर त्यांचे पाणी खालच्या शेजाऱ्याच्याच घरात शिरेल, हेही विसरू नये.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे की, या सुट्टीत आपल्या घराजवळचा ओढा शोधावा आणि तो कोठून निघून कोठे मिळतो ते चालत जाऊन पाहावे. घरातील वडील मंडळींस विचारावे, की २००५ आणि २०१९ साली पाणी कोठवर आले होते. ती खूण वहीत नकाशा काढून नोंदवावी. आणि पालकांनी घर किंवा जागा घेताना किमतीबरोबर त्या दोन रेषाही विचाराव्यात. आज वहीत काढलेला हा नकाशा उद्या नगराचा कारभार पाहणाऱ्यांच्या हाती असेल. तो खरा निघावा, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.