मामांच्या मोटारीतले घड्याळ

मुलांनो, मोटारीत घड्याळ असते, याचे आज कोणालाच नवल वाटत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारीतले घड्याळ कसे चालत असे, हे तुम्हांला माहीत आहे का? मला ते कळले, पण एक मोठी चूक केल्यावर!

1992 साली मी नववीत होतो. माझ्या मामांकडे 1954 सालची शेवरलेट मोटार होती. ती मूळची माझ्या आजोबांची. बरीच वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. मामा निवृत्त झाले आणि त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. इंजिनाचे काम गॅरेजमध्ये झाले. आतल्या भागाचे काम आम्ही दोघांनी घरीच हाती घेतले.

आसनांचे कापड विरले होते. मी ते ओढून फाडू लागलो, तेव्हा मामांनी माझा हात धरला. “अरे, जुनं कापड फेकायचं नसतं. शिवण उसवून तुकडे जपून ठेव. नवं कापड त्याच मापानं कापायचं.” सुकाणूच्या चाकाला तडे गेले होते. ते आम्ही भरून, घासून पुन्हा रंगवले. दाराची एक मूठ मात्र हरवली होती. तिच्यासाठी मामा मुंबईच्या चोरबाजारात गेले. मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत दोन दिवस फिरले, तेव्हा कुठे जोड सापडली.

राहिले ते घड्याळ. त्याचे काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबले होते. लहानपणी मामांना शाळेत सोडायला जाताना आजोबा याच घड्याळात वेळ पाहत. “बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण हे चालू झालं पाहिजे,” मामा म्हणाले.

एका दुपारी मामा झोपले असताना मी ते घड्याळ खोलले. आत एक छोटी स्प्रिंग होती. शेजारी तांब्याच्या तारेचे वेटोळे होते आणि एकमेकींना टेकतील अशा धातूच्या दोन बारीक टिकल्या होत्या. या टिकल्यांना कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात. मी पॉइंट घासले. घरात स्कूटरची बॅटरी होती, ती जोडली. ‘टक्!’ असा जोराचा आवाज झाला. काटे हलले. मी आनंदाने ओरडणार, तोच जळका वास आला आणि वेटोळ्यातून धूर निघाला.

संध्याकाळी मामांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. नुसते गप्प बसले. रागावले असते तर बरे, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ घेऊन एका म्हाताऱ्या कारागिरांकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ पाहिले आणि विचारले, “बॅटरी किती व्होल्टची जोडलीस?”

“बारा,” मी म्हणालो.

“आणि ही मोटार किती व्होल्टची?”

मला ठाऊक नव्हते. शेवरलेट मोटारींना बारा व्होल्टची बॅटरी 1955 पासून आली. त्याआधीच्या मोटारी सहा व्होल्टवर चालत. “बेटा, तान्ह्या मुलाला पैलवानाचा खुराक दिलास तू!” उस्ताद हसून म्हणाले.

मग त्यांनी मला त्या घड्याळाची युक्ती समजावली. ते घड्याळ थेट विजेवर चालत नाही. चालते ते स्प्रिंगवरच. मात्र स्प्रिंग इतकी लहान, की एक-दोन मिनिटांतच सैल पडते. ती सैल पडली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात आणि वीज वाहू लागते. वेटोळ्याचे लोहचुंबक बनते. ते एका दांड्याला झटका देते, स्प्रिंगला पुन्हा पीळ बसतो आणि पॉइंट सुटतात. वीज बंद! दर वेळी ‘टक्’ असा आवाज येतो तो याचा. म्हणजे हे घड्याळ स्वतःच स्वतःला चावी देते.

आता बॅटरी अशक्त असेल तर काय होईल? झटका अपुरा पडेल. पॉइंट सुटणारच नाहीत, वीज वाहत राहील आणि वेटोळे तापून जळेल. म्हणून मोटार बराच काळ उभी ठेवायची असेल, तर घड्याळाची तार काढून ठेवावी. माझ्या हातून घडले ते उलटे. झटका जरुरीपेक्षा मोठा बसला, ठिणगीने पॉइंट चिकटले, पुढचे तुम्हांला ठाऊकच आहे.

मामांनी विचारले, “आतलं यंत्र काढून क्वार्ट्झचं बसवलं तर?” क्वार्ट्झच्या घड्याळात एक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. वेळ अगदी अचूक दाखवतो. रोज वापरायच्या मोटारीला ते सोयीचेच आहे, असे मलाही वाटते. उस्ताद म्हणाले, “बसवून देतो. तबकडी तीच राहील, काटे तेच राहतील. फक्त टक् होणार नाही.”

मामांनी मान हलवली. “मग नको.”

उस्तादांनी जळलेली तार काढली. तिच्याच जाडीची नवी तार मोजून गुंडाळली. माझ्याकडून चाके पेट्रोलमध्ये धुऊन घेतली, कारण जुने तेल सुकून डिंकासारखे झाले होते. नवे तेल त्यांनी सुईच्या टोकाने दिले, प्रत्येक ठिकाणी एक थेंब. मी बाटली उचलताच ओरडले, “जास्त नको! तेलाला धूळ चिकटते.” ‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आहे. तुमच्या उर्दूतही तो आहेच. त्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

1958 साली रोल्स रॉइस मोटारीची एक जाहिरात फार गाजली. ताशी साठ मैल वेगाने जाताना तिच्यात सर्वांत मोठा आवाज असतो तो घड्याळाचा, असे तिच्यात म्हटले होते. आमच्या शेवरलेटमध्ये तसे काही नव्हते. खिडक्या खडखडत, दारे करकरत. म्हणून मामा इंजिन बंद करून काचा वर घेत आणि बोट ओठांवर ठेवून मला गप्प बसवत.

थोड्या वेळाने आवाज येई, ‘टक्!’

स्वाध्याय
1. जुने कापड फेकू नये, असे मामा का म्हणाले?
2. घड्याळाचे वेटोळे का जळले?
3. मामांनी क्वार्ट्झचे यंत्र का नाकारले असेल? तुम्ही काय केले असते?
4. तुमच्या वस्तीतील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या हत्यारांची नावे मराठीत व उर्दूत लिहा.