पदवीविना परदेशी रोजगार : खरा अडसर कोणता?

परदेशी रोजगाराची चर्चा आपल्याकडे बहुधा संगणक अभियंते आणि डॉक्टर यांच्याभोवतीच फिरत असते. प्रत्यक्षात आखाती देशांत राबणाऱ्या भारतीयांमध्ये गवंडी, सुतार, वेल्डर, वाहनचालक आणि घरकामगार यांचा मोठा भरणा आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ विद्यापीठाची पदवी नसते. तरीही त्यांना कामाचा व्हिसा मिळतो. तेव्हा पदवीचा अभाव हा मुख्य अडसर नव्हे. अंगी असलेले कौशल्य परक्या देशाला मान्य होईल अशा स्वरूपात सिद्ध करता न येणे आणि त्यामुळे दलालावर विसंबावे लागणे, हा खरा अडसर होय. तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

आखाती देश : मालकाच्या हाती व्हिसा

आखाती देशांत कामाचा व्हिसा सामान्यतः मालकामार्फत मिळतो आणि कामगाराचे तेथील वास्तव्य त्या मालकाशी निगडित राहते. या परावलंबित्वावर उपाय म्हणून १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने काही संरक्षण दिले. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. २०१४ पासून ही प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय प्रणालीद्वारे होते. प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अशा कामगाराला १० लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षणही मिळते.

परवानाधारक भरती एजंटाला कामगाराकडून कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. मात्र खेड्यापर्यंत पोहोचतो तो विनापरवाना उपदलाल. तो याहून कितीतरी अधिक रक्कम मागतो. त्यासाठी जमीन गहाण पडते, दागिने मोडले जातात आणि सुरुवातीच्या अनेक महिन्यांची कमाई व्याजात जाते. पर्यटक व्हिसावर धाडलेल्या कामगाराची स्थिती तर अधिकच बिकट होते. त्याला काम करण्याचा कायदेशीर हक्क नसतो आणि त्याच्या कराराची सरकारदरबारी नोंदही नसते. पगार थकला तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न मग अनुत्तरित राहतो.

जपान : परीक्षा हाच निकष

लोकसंख्येचे वार्धक्य आणि मनुष्यबळाची टंचाई यांमुळे जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा नवा प्रवर्ग सुरू केला. भारताने त्याविषयीचा सहकार्य करार जानेवारी २०२१ मध्ये केला. येथे पदवीची अट नाही. संबंधित क्षेत्राची कौशल्य परीक्षा आणि प्राथमिक जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. शुश्रूषा, बांधकाम, शेती आणि खाद्यप्रक्रिया ही त्यांपैकी काही क्षेत्रे होत. त्याच कामासाठी जपानी कामगाराला मिळते त्याहून कमी वेतन देता येत नाही. मर्यादाही आहेत. पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षेच राहता येते आणि कुटुंब सोबत नेता येत नाही.

जर्मनी : एका वर्षाचे अंतर

जर्मनीने मार्च २०२० पासून व्यवसाय-प्रशिक्षितांना पदवीधरांप्रमाणेच कुशल कामगार मानले. मात्र प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाशी समकक्ष ठरणे आवश्यक होते. मार्च २०२४ पासून आणखी एक मार्ग खुला झाला. मायदेशी शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक किमान वेतनाची नोकरी असेल, तर या समकक्षतेविना व्हिसा मिळू शकतो. आपल्या आयटीआयमधील फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा मात्र एक वर्षाचा. उत्तम हात असलेला वेल्डर केवळ या एका वर्षामुळे या मार्गाबाहेर राहू शकतो.

काय करता येईल?

या तिन्ही उदाहरणांचा मथितार्थ असा की, जेथे कौशल्याचा पुरावा कामगाराच्या स्वतःच्या हाती असतो तेथे दलालाचे बळ घटते; जेथे तो नसतो तेथे कामगार कर्जाच्या ओझ्याखाली जातो. म्हणून आयटीआयमध्ये व्यवसायाबरोबर परकीय भाषेचे वर्ग चालवणे, प्रमाणपत्रासोबत प्रशिक्षणाचे तास व विषय यांचा तपशील देणे आणि परदेशगमनासाठी बँकांकडून माफक व्याजाचे कर्ज उपलब्ध करणे, या तीन गोष्टींना अग्रक्रम मिळायला हवा.

इच्छुक युवकांनीही पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : ई-मायग्रेटवर एजंटाचा परवाना आहे काय, व्हिसा नोकरीचा आहे काय आणि वेतनाचा करार लेखी आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर घरची जमीन गहाण टाकण्याजोगी ती संधी नव्हे.